ई-मेलमधील प्रेषक-प्रमाणीकरण आणि बोधचिन्हाची साक्ष

१. विषयप्रवेश

पत्रात काय लिहिले आहे या प्रश्नाच्या अगोदर पत्र कोणाचे आहे हा प्रश्न उभा राहतो. मराठ्यांच्या दफ्तरांतील कागदपत्रे हाताळणाऱ्या अभ्यासकास हे नव्याने सांगावयास नको. पत्राच्या माथ्यावरील मुद्रा ते पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले हे सांगते, तर मजकुराच्या अखेरीस उमटविलेले मोर्तब पत्राची मर्यादा तेथे संपल्याचे जाहीर करते. त्यापुढे कोणी एखादी ओळ वाढविली, तर ती पत्राबाहेरची ठरते. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आज नुसत्या मान्यतेच्या अर्थाने रूढ असला, तरी त्याच्या पोटात या दोन भिन्न खुणा आहेत : एक अधिकाराची, दुसरी अखंडतेची.

ई-मेल हे आजच्या व्यवहाराचे प्रमुख लेखी साधन होय. परंतु त्याच्या मूळ रचनेत या दोहोंपैकी एकही खूण नव्हती. बँक, विमा कंपनी, आयकर खाते किंवा विद्यापीठ यांच्या नावाने कोणीही पत्र धाडावे आणि घेणाऱ्याने ते खरे मानावे, अशी स्थिती पुष्कळ वर्षे होती. ही उणीव भरून काढण्याचे जे प्रयत्न गेल्या दोन दशकांत झाले, त्यांचे सर्वांत दृश्य फळ म्हणजे इनबॉक्समध्ये प्रेषकाच्या नावाशेजारी त्याचे पडताळलेले बोधचिन्ह दाखविण्याची योजना. ‘ब्रँड इंडिकेटर्स फॉर मेसेज आयडेंटिफिकेशन’ या तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘बिमी’ म्हणतात. हे बोधचिन्ह नेमकी कशाची ग्वाही देते व कशाची देत नाही, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. लिफाफा आणि पत्रशीर्ष

ई-मेल पोहोचविण्याची जी पद्धती आज जगभर रूढ आहे, तिचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये ‘आरएफसी ८२१’ या लेखाने निश्चित केले. त्याच महिन्यात निघालेल्या ‘आरएफसी ८२२’ ने पत्राच्या अंतर्गत रचनेचे नियम घालून दिले. २००८ साली या दोहोंच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. मूळ आराखडा मात्र तोच राहिला.

या आराखड्यात प्रेषकाचा पत्ता दोन ठिकाणी येतो. एक सर्व्हर दुसऱ्याच्या हाती पत्र सोपविताना जो पत्ता सांगतो, त्यास लिफाफ्यावरील पत्ता म्हणता येईल. दुसरा पत्ता पत्रशीर्षातील ‘फ्रॉम’ या ओळीत असतो. टपाल पोहोचविणारी यंत्रणा पहिला पत्ता पाहते. वाचकास दिसतो तो दुसरा. हे दोन पत्ते एकच असले पाहिजेत असे मूळ नियमांत कोठेही म्हटलेले नाही, आणि दोहोंपैकी कोणताही खरा आहे की नाही हे तपासण्याची तरतूदही त्यांत नाही. ज्या काळी जाळ्यावरील बहुतेक संगणक विद्यापीठांचे व संशोधनसंस्थांचे होते, त्या काळी ही तपासणी कोणास आवश्यक वाटली नाही, यात नवल नाही.

मोबाईल फोनच्या प्रसारामुळे या उणिवेस नवी धार आली. लहान पडद्यावर पत्ता बहुधा दिसतच नाही. दिसते ते पत्त्यापूर्वी लिहिलेले नाव. हे नाव प्रेषक स्वतःच्या इच्छेनुसार घालू शकतो. शिवाय पत्ता दिसला तरी तो रोमन लिपीत असतो, आणि त्यातील एखाद्या अक्षराचा फरक ओळखणे ज्याचा नित्याचा व्यवहार मराठीत चालतो अशा वाचकास कठीण जाते. चित्र मात्र कोणत्याही लिपीच्या वाचकास ओळखता येते. बोधचिन्हाच्या योजनेचे आकर्षण येथे आहे आणि, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, तिचा धोकाही येथेच आहे.

३. प्रमाणीकरणाच्या तीन पायऱ्या

बोधचिन्ह हा या इमारतीचा कळस आहे. त्याखाली तीन मजले आहेत आणि ते समजल्याखेरीज कळसाचा अर्थ लागत नाही.

पहिली पायरी ‘एसपीएफ’ ही होय. तिचे नियम प्रथम २००६ साली प्रायोगिक स्वरूपात व पुढे २०१४ साली ‘आरएफसी ७२०८’ म्हणून प्रसिद्ध झाले. प्रत्येक डोमेनचा मालक डीएनएस या सार्वजनिक नोंदवहीत आपले टपाल कोणकोणत्या संगणकीय पत्त्यांवरून निघते याची यादी लावतो. पत्र स्वीकारणारा सर्व्हर लिफाफ्यावरील डोमेनची यादी काढून पाहतो आणि पत्र त्या यादीतील ठिकाणाहून आले की नाही ते ठरवितो. या पद्धतीत दोन दोष आहेत. पत्र वाटेत कोणी पुढे धाडले, तर ते यादीबाहेरच्या ठिकाणाहून आल्यासारखे दिसते. याउलट अनेक संस्था टपालासाठी एकाच मोठ्या सामायिक सेवेवर अवलंबून असतात व त्या सेवेचे सर्वच पत्ते आपल्या यादीत घालतात. त्यामुळे त्या सेवेतील त्रयस्थाचे पत्रही यादीत बसण्याचा संभव उरतो.

दुसरी पायरी ‘डीकिम’ ही होय. याहूची ‘डोमेनकीज’ व सिस्कोची ‘आयडेंटिफाइड इंटरनेट मेल’ या दोन योजनांच्या एकीकरणातून ती निघाली. तिचे नियम २००७ साली व सुधारून २०११ साली ‘आरएफसी ६३७६’ मध्ये ग्रथित झाले. येथे पत्राच्या मजकुराचा व निवडक शीर्ष-ओळींचा गणिती सारांश काढून त्यावर प्रेषक-डोमेनच्या खाजगी किल्लीने स्वाक्षरी केली जाते. तिची जोडीदार सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असल्याने कोणीही स्वाक्षरी तपासू शकतो. स्वाक्षरीखालील मजकुरात एक अक्षर बदलले तरी ती मोडते. पत्र पुढे धाडले, तरी मजकूर अबाधित असेल तर स्वाक्षरी टिकते. मोर्तबाशी असलेले हिचे साम्य उघड आहे. परंतु या नियमांत एक ऐच्छिक मुभा आहे : मजकुराच्या केवळ आरंभीच्या ठरावीक लांबीवर स्वाक्षरी करता येते. ज्या प्रेषकाने ही मुभा घेतली, त्याच्या पत्रास शेवटी वाटेल ती भर घातली तरी स्वाक्षरी शाबूत राहते. मोर्तब करावे आणि त्याखाली कोरी जागा सोडावी, अशातलाच हा प्रकार आहे. या मुभेच्या धोक्याची सूचना त्याच नियमांत दिलेली आहे.

या दोन्ही पायऱ्यांत वाचकास दिसणाऱ्या ‘फ्रॉम’ पत्त्याचा अद्याप संबंध आलेला नाही, हे चौकस वाचकाच्या ध्यानी आले असेल. एसपीएफ लिफाफा तपासते; डीकिम स्वाक्षरी करणारे डोमेन तपासते; आणि ती दोन्ही डोमेने लबाडाची स्वतःची असूनही ‘फ्रॉम’ ओळीत बँकेचे नाव असू शकते. ही फट बुजविण्यासाठी ‘डीमार्क’ ही तिसरी पायरी जानेवारी २०१२ मध्ये जाहीर झाली व मार्च २०१५ मध्ये ‘आरएफसी ७४८९’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिचा गाभा ‘जुळणी’ या कल्पनेत आहे. एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी निदान एक चाचणी उत्तीर्ण झाली पाहिजे, आणि ज्या डोमेनच्या नावे ती उत्तीर्ण झाली ते ‘फ्रॉम’ मधील डोमेनशी जुळले पाहिजे. न जुळणाऱ्या पत्राचे काय करावे, हे डोमेनच्या मालकाने जाहीर करावयाचे असते. त्याचे तीन पर्याय आहेत : काहीही करू नये, पत्र संशयितांत टाकावे, अथवा पत्र नाकारावे. याखेरीज स्वीकारणारे सर्व्हर मालकाकडे नियमित अहवाल पाठवितात, आणि त्यांवरून आपल्या नावाने कोण कोठून टपाल धाडीत आहे हे मालकास प्रथमच कळते.

या योजनेचे अडले ते पहिल्या पर्यायावर. ‘काहीही करू नये’ असे जाहीर करणे सोपे व निर्धोक असते. पुढच्या दोन पर्यायांकडे जावयाचे तर संस्थेच्या नावे टपाल धाडणारी प्रत्येक यंत्रणा शोधून काढून सुस्थितीत आणावी लागते. विद्यापीठासारख्या संस्थेत परीक्षा विभाग, ग्रंथालय, प्रवेशाची सेवा चालविणारा बाहेरचा कंत्राटदार आणि निरनिराळे शैक्षणिक विभाग आपापल्या सोयीने टपाल पाठवीत असतात. यांपैकी एक जरी गणनेतून सुटला, तरी त्याची खरी पत्रे नाकारली जाण्याची भीती असते. श्रम व्यवस्थापकाचे, दोषही त्याच्याच माथी, आणि यश मिळाले तर ते कोणास दिसत नाही, अशा कामास उत्साह राहत नाही.

४. बोधचिन्हाची योजना

नेमक्या या ठिकाणी बोधचिन्हाची कल्पना उपयोगी पडली. जे डोमेन डीमार्कच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या पर्यायापर्यंत पोहोचले असेल आणि तो पर्याय आपल्या संपूर्ण टपालास लागू करीत असेल, त्याच्याच बोधचिन्हास इनबॉक्समध्ये स्थान द्यावयाचे, असा तिचा मुख्य नियम आहे. इंटरनेट-ड्राफ्टच्या स्वरूपात मांडलेल्या या योजनेचा प्रयोग गूगलने जुलै २०२० मध्ये जाहीर केला आणि वर्षभराने जीमेलमध्ये तिचा सर्वत्र अवलंब केला. अ‍ॅपलने २०२२ च्या शरद ऋतूत आपल्या मेल या कार्यक्रमात तिला स्थान दिले. याहूने त्यापूर्वीच तिचा अवलंब केला होता आणि प्रमाणपत्राची अट घातली नव्हती.

योजनेची कृती थोडक्यात अशी आहे. डोमेनचा मालक डीएनएसमध्ये एक लहानशी मजकूर-नोंद करतो. तीत बोधचिन्हाच्या फाइलचा व प्रमाणपत्राचा असे दोन पत्ते असतात. पत्र आले म्हणजे स्वीकारणारा सर्व्हर प्रथम डीमार्कची तपासणी करतो. तीत पत्र उत्तीर्ण झाले तरच तो ही नोंद वाचतो, प्रमाणपत्र पडताळतो आणि चिन्ह दाखवावे की नाही याचा निर्णय घेतो. हा निर्णय सर्वस्वी स्वीकारणाऱ्याचा असतो. प्रेषकास चिन्हाचा हक्क मिळतो असे नाही.

चित्राच्या स्वरूपावरही बंधने आहेत. ते एसव्हीजी या रेखाचित्र-पद्धतीच्या एका संकुचित प्रकारात असावे लागते. त्यात कोणतीही आज्ञावली, चलच्चित्र किंवा बाहेरून मागवावयाचा भाग चालत नाही. कारण उघड आहे. जी फाइल लक्षावधी इनबॉक्समध्ये आपोआप उघडावयाची, तिच्यात चित्राखेरीज काहीही दडलेले असता कामा नये.

५. प्रमाणपत्र आणि व्यापारचिन्ह

आपल्या डोमेनची डीएनएस नोंद कोणीही करू शकतो. मग लबाडाने स्वतःचे डोमेन घेऊन, त्यावर तिन्ही पायऱ्या यथासांग बांधून, शेवटी बँकेचे बोधचिन्ह लावले तर? या प्रश्नाचे उत्तर म्हणून ‘व्हेरिफाइड मार्क सर्टिफिकेट’ हे प्रमाणपत्र निघाले. ते देणारी संस्था अर्जदाराचे कायदेशीर अस्तित्व, डोमेनवरील त्याचा ताबा आणि अर्ज करणाऱ्या व्यक्तीची ओळख तपासते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते चिन्ह मान्यताप्राप्त व्यापारचिन्ह कार्यालयात नोंदलेले आहे की नाही, हे ती पाहते. प्रमाणपत्रात चिन्ह अंतर्भूत असते व प्रमाणपत्राची नोंद सार्वजनिक वहीत केली जाते. चुकीचे प्रमाणपत्र दिले गेल्यास ते उघडकीस यावे, हा त्यामागील हेतू होय.

सप्टेंबर २०२४ मध्ये जीमेलने ‘कॉमन मार्क सर्टिफिकेट’ या दुसऱ्या प्रकारासही मान्यता दिली. त्यास नोंदणीकृत व्यापारचिन्हाची गरज नसते. चिन्ह निदान बारा महिने सार्वजनिक रीतीने वापरात असल्याचा पुरावा पुरतो. जीमेलने मे २०२३ पासून नावाशेजारी दाखविण्यास आरंभ केलेली निळी खूण मात्र पहिल्याच प्रकारास मिळते. तात्पर्य, बाह्यतः सारखी दिसणारी दोन बोधचिन्हे निराळ्या दर्जाच्या पुराव्यावर उभी असू शकतात.

येथे व्यापारचिन्ह-कायद्याचे एक तत्त्व लक्षात घेतले पाहिजे. व्यापारचिन्हाचा हक्क देशापुरता आणि मालाच्या वा सेवेच्या वर्गापुरता असतो. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात असे ४५ वर्ग आहेत, आणि भारताच्या १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमानुसार चालणारी नोंदणीही याच वर्गीकरणास अनुसरते. एकाच नावाची किंवा सदृश चिन्हांची नोंदणी दोन वर्गांत अथवा दोन देशांत दोन भिन्न मालकांच्या नावे असणे सर्वथा कायदेशीर आहे. बाजारात यामुळे गोंधळ होत नाही, कारण साबण घेणारा व सायकल घेणारा वेगळ्या दुकानात जातो. इनबॉक्सला असे वर्ग नाहीत.

६. खुणेच्या मर्यादा

या प्रकारच्या खुणेचा इतिहास वेबच्या क्षेत्रात एकदा घडून गेला आहे, व तो उद्बोधक आहे. २००७ च्या सुमारास संकेतस्थळांसाठी विशेष पडताळणीची प्रमाणपत्रे निघाली आणि ब्राउझर पत्त्याशेजारी संस्थेचे नाव ठळकपणे दाखवू लागले. २०१७ साली एका सुरक्षा-संशोधकाने अमेरिकेतील केंटकी राज्यात ‘स्ट्राइप’ या नावाची कंपनी रीतसर नोंदविली आणि तिच्यासाठी असे प्रमाणपत्र मिळविले. त्याच नावाची प्रसिद्ध कंपनी डेलावेअर राज्यात नोंदलेली होती. प्रमाणपत्रात खोटे काहीच नव्हते. तरीही वाचकाची दिशाभूल होण्यास ते पुरेसे होते. क्रोमने सप्टेंबर २०१९ मध्ये व फायरफॉक्सने पुढच्याच महिन्यात ही ठळक खूण पत्त्याच्या पट्टीतून काढून टाकली.

दुसरा मुद्दा वाचकाच्या अवधानाचा आहे. रचना धमीजा, डग टायगर व मार्टी हर्स्ट यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २२ जणांना खरी व बनावट संकेतस्थळे ओळखावयास सांगितले होते. त्यांपैकी २३ टक्के लोकांनी ब्राउझरने दाखविलेल्या खुणांकडे पाहिलेच नाही, आणि सर्वांत कुशल बनावट स्थळाने ९० टक्के लोकांस फसविले. खूण असली तर ती सुखावते. परंतु ती नसल्याचे ध्यानी येण्यास ती तेथे असावयास हवी होती हे आधी ठाऊक असावे लागते. बोधचिन्हाच्या बाबतीत हे विशेष लागू पडते. आजही असंख्य प्रामाणिक प्रेषकांच्या नावापुढे नुसते आद्याक्षर दिसते. त्यामुळे चिन्हाच्या अभावावरून वाचक कोणताच निष्कर्ष काढू शकत नाही. शिवाय ज्या वर्तुळात पडताळलेले बोधचिन्ह दिसते, त्याच वर्तुळात काही सेवांत खातेदाराने स्वतः निवडलेले छायाचित्रही दिसते. तेथे कोणी बँकेचे चित्र लावले, तर दोहोंतील भेद सूक्ष्म निरीक्षणाशिवाय कळणार नाही.

तिसरा मुद्दा खालच्या मजल्यांच्या मजबुतीचा आहे. जीमेलची निळी खूण सुरू झाल्यावर महिन्याभरातच एका पार्सल-वाहतूक कंपनीच्या नावाने निघालेले बनावट पत्र बोधचिन्ह व निळी खूण यांसह इनबॉक्समध्ये दाखल झाल्याचे उघडकीस आले. त्यानंतर गूगलने निळ्या खुणेच्या पात्रतेसाठी डीकिमची स्वाक्षरी आवश्यक केली. डीमार्कच्या नियमाप्रमाणे दोहोंपैकी एक चाचणी पुरते. परंतु बोधचिन्हासारखी ठळक ग्वाही द्यावयाची तर दोहोंपैकी दुबळी चाचणी पुरत नाही, हा धडा त्यातून मिळाला. कळस जितका झळाळणारा, तितकी पायातील चीर महाग पडते.

७. योजनेचे खरे कार्य

इतक्या मर्यादा असताना ही योजना व्यर्थ आहे काय? असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तिचे मोल वाचकास दिसणाऱ्या चित्रात शोधले तर ते थोडेच सापडते. वाचकास न दिसणाऱ्या शिस्तीत शोधले तर ते पुष्कळ आहे. बोधचिन्ह मिळावे म्हणून ज्या संस्थेने डीमार्कचा कडक पर्याय स्वीकारला, तिच्या नेमक्या डोमेनच्या नावे धाडलेले बनावट पत्र आता बहुधा इनबॉक्सपर्यंत पोहोचतच नाही. जो वाचक चिन्हाकडे ढुंकूनही पाहत नाही, त्यासही हे संरक्षण मिळते. तांत्रिक विभागाच्या ज्या विनंतीस वर्षानुवर्षे दाद मिळत नव्हती, तिला जाहिरात विभागाचे पाठबळ या चित्रामुळे लाभले. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे, तर ज्या खर्चाचा लाभ इतरांस होत होता, त्याचा काही वाटा खर्च करणाऱ्याच्या पदरात पडू लागला.

शिस्त लावण्याचे इतर मार्गही आहेत. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्ये आदेश काढून संघीय कार्यालयांना वर्षाच्या आत डीमार्कचा ‘नाकारावे’ हा पर्याय स्वीकारण्यास सांगितले. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर टपाल धाडणाऱ्यांवर तिन्ही पायऱ्यांची सक्ती केली. जीमेलच्या बाबतीत ही मर्यादा दिवसाला ५,००० पत्रांची ठेवण्यात आली. मात्र या सक्तीत ‘काहीही करू नये’ हा पहिला पर्यायही चालतो. भारतात रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांना ‘बँक डॉट इन’ या राखीव डोमेनाकडे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत स्थलांतर करण्याचा आदेश दिला. या डोमेनची नावे हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फतच दिली जातात. या उपायाचे वैशिष्ट्य असे की, प्रमाणीकरण जेथे निरुपाय होते त्या ठिकाणी तो लागू पडतो. बँकेच्या नावाशी साम्य असणारे दुसरेच डोमेन घेऊन कोणी त्यावर एसपीएफ, डीकिम व डीमार्क उभे केले, तर त्याचे पत्र तिन्ही चाचण्यांत निर्विवाद उत्तीर्ण होते. कारण ते खरोखरच त्या डोमेनचे असते. राखीव डोमेनात मात्र तसे नाव त्यास मिळतच नाही.

८. उपसंहार

पडताळलेले बोधचिन्ह एवढेच सांगते : हे पत्र अमुक डोमेनच्या मालकाच्या अनुज्ञेने निघाले असून, त्या मालकाचा या चिन्हावरील हक्क एका प्रमाणपत्र-संस्थेने तपासला आहे. पत्रातील मजकूर सत्य आहे, मागणी रास्त आहे किंवा प्रेषक सचोटीचा आहे, यांपैकी काहीही ते सांगत नाही. संस्थेच्या एखाद्या कर्मचाऱ्याचे खाते चोराच्या हाती गेले, तर त्याने धाडलेल्या पत्रावरही तेच चिन्ह तितक्याच दिमाखाने झळकेल. चिन्ह ओळखीची साक्ष देते. विश्वास ठेवावा की नाही हा निर्णय वाचकाचाच राहतो.

यास्तव ज्या संस्था या योजनेचा स्वीकार करू इच्छितात, त्यांनी क्रम उलटा लावू नये. प्रथम डीमार्कचे अहवाल मागवून आपल्या नावे टपाल धाडणाऱ्या सर्व यंत्रणांची मोजदाद करावी. नंतर संपूर्ण मजकुरावर डीकिमची स्वाक्षरी होत असल्याची खात्री करून घ्यावी. त्यापुढे कडक पर्यायाकडे जावे आणि बोधचिन्हाचा विचार सर्वांत शेवटी करावा. जुन्या दफ्तरांतही पत्र पुरते लिहून झाल्यावरच मोर्तब होत असे.

अभ्यासकांसाठी यात एक महत्त्वाचा प्रश्न शिल्लक राहतो. देवनागरीत वाचणारा व रोमन पत्त्याकडे सहसा न पाहणारा वाचक अशा चिन्हांचा अर्थ कसा लावतो, आणि चिन्ह नसलेले पत्र तो अधिक सावधपणे वाचतो काय, हे प्रयोगानेच ठरविता येईल. संगणकशास्त्र, मानसशास्त्र आणि विधी या तीन विभागांनी एकत्र येऊन हाती घ्यावा असा हा विषय आहे.